विषय: ४९१ (ऑस्ट्रेलियाचा रीजनल भागासाठीचा तात्पुरता व्हिसा) वर असताना मेलबर्नची नोकरी, कोणी केली आहे का?

नमस्कार मंडळी,
शुक्रवारपर्यंत सही करायची आहे म्हणून घाईत लिहितेय. ह्यांना मेलबर्नची ऑफर आलीय. आठवड्यातले दोन दिवस तिकडच्या ऑफिसात, बाकी घरून. बिऱ्हाड, मुलांची शाळा, माझी नोकरी सगळं ॲडलेडलाच. १९१ (कायमस्वरूपी व्हिसा) साठीची तीन वर्षं भरतच आलीत. चालेल ना?
रा. (मॉसन लेक्स)

---
रा., सही करू नका! आपल्या व्हिसावरची ८५७९ ची अट नीट वाचा. राहणं, काम, शिक्षण, तिन्ही रीजनल भागातच हवं. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकी सगळं रीजनल. नुसता पत्ता ॲडलेडचा ठेवून भागत नाही. पूर्णवेळ घरून काम देतात का विचारा, आणि तेसुद्धा एजंटला दाखवूनच.
वि. (ग्लेनेल्ग)

---
मग जिलाँगला जा की! तेही रीजनलमध्येच येतं.
सु.

---
सु., जिलाँग व्हिक्टोरियात आहे. ८५७९ मध्ये राज्याचं नाव नाही हे मान्य, पण नॉमिनेशन (राज्य सरकारची शिफारस) घेताना साउथ ऑस्ट्रेलियात राहू असं आपण लिहून दिलंय. त्यावरच व्हिसासाठीचे १५ गुण मिळाले. लोक असे निघून गेले तर मागून येणाऱ्या आपल्याच मुलांना नॉमिनेशन कोण देईल? मला हे मनापासून खटकतं.
वि.

---
आम्ही ४८९ (आधीचा रीजनल व्हिसा) वर साउथ ऑस्ट्रेलियातल्या व्हायाला गावी होतो. तेव्हा ८८७, म्हणजे त्यापुढच्या कायमच्या व्हिसासाठी, दोन वर्षं राहणं आणि एक वर्ष पूर्णवेळ काम पुरे व्हायचं. तिथे ना देवळं ना किराणा, गव्हल्यासुद्धा आईकडून यायच्या. पण शेजारी फार प्रेमाचे मिळाले. रा., थोडी कळ काढ गं.
मा. काकू

---
काकू, तेव्हा उत्पन्नाची भानगड नव्हती. आता वर्षाला ५३,९०० डॉलर दाखवावे लागतात ना?
सु.

---
ती मर्यादा काढली. टॅक्स ऑफिसची असेसमेंट नोटीस मात्र तीन आर्थिक वर्षांची लागते. रिटर्न भरायचे राहिले असतील त्यांनी आधी ते भरा.
वि.

---
मंडळी, ही मेलची यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. व्हिसाचा सल्ला नोंदणीकृत एजंटकडूनच घ्यावा, इथल्या उत्तरांवर कोणी अर्ज भरू नये. गणपतीच्या हॉलसाठी स्वयंसेवकांची नावं अजून आलेली नाहीत.
सचिव

---
सचिव, नाव देऊ की, पण अशा वेळी माणसाने आपल्या लोकांना नाही तर कुणाला विचारायचं?
मा. काकू

---
सगळ्यांचे आभार. सही थांबवलीय. पूर्ण घरून काम जमेल का, हे कंपनी सोमवारी सांगणार आहे. चांगला नोंदणीकृत एजंट माहीत असेल तर मला वेगळी मेल करा, यादीवर नको.
रा.