भटकंतीच्या सुऱ्यांची स्पर्धा : पोलाद सगळ्यांना एकच द्यावं का?

अजिंक्यतारा (सातारा)

आमच्या भटक्यांच्या गटात येत्या हिवाळ्यात हाताने घडवलेल्या सुऱ्यांची स्पर्धा घ्यायचं घाटतंय. स्वयंपाकघरातली सुरी नव्हे. डोंगरात मुक्कामाला नेतो ती, जिने ढलप्या काढायच्या, दोर कापायचा, मनगटाएवढं वाळकं लाकूड फोडायचं आणि संध्याकाळी कांदाही चिरायचा. सातारा-सांगली दोन्हीकडून माणसं येणार आहेत. काही पिढीजात लोहार, काही एमआयडीसीत नोकरी करणारे, काही व्हिडिओ बघून अंगणात भट्टी मांडलेले. नियम आधी पक्के नसले तर निकालाच्या दिवशी वाद होतात आणि पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की स्पर्धा हाताची व्हावी, खिशाची होऊ नये. कोणी परदेशी पोलाद मागवणार आणि कोणी भंगारातला गाडीचा पाटा आणणार, मग आपण नेमकं काय मोजलं? म्हणून सगळ्यांना एकाच पट्टीतून कापलेला तुकडा द्यावा. ५ मिमी जाड, ईएन-४५, म्हणजे गाडीच्या कमानपाट्याचंच पोलाद, पण कोरं. ग्राइंडर चालेल. तयार पातं आणून नुसती मूठ बसवणं चालणार नाही. पाणी, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक करणं, ज्याचं त्याने द्यायचं, बाहेर हीट ट्रीटमेंटला पाठवायचं नाही. पहिल्या ठोक्यापासून धारेपर्यंत काम एकट्याचं. पातं जास्तीत जास्त ५ इंच. परीक्षकांपुढे सुरी कारागिराचा शिक्का झाकून जाईल. १०० पैकी ७० गुण सुरी कसं काम करते त्याला, ३० बांधणीला आणि रूपाला.

ज्याला पटत नाही त्याने कारणासकट लिहावं.

टूलरूमवाला (कुपवाड)

हीट ट्रीटमेंट बाहेर पाठवायला बंदी मला अजिबात पटलेली नाही. सुरीचं निम्म्याहून जास्त मोल पाण्यात असतं आणि तुम्ही तेच उघड्या कोळशाच्या हवाली करताय. ईएन-४५ ला ८५० अंशांच्या आसपास नेऊन तेलात बुडवायचं असतं. कोळशात टोक ९५० ला पोचलेलं असतं तेव्हा मुठीकडचा भाग ७५० वरच असतो. जिथे जास्त तापलं तिथे पोलादाचा कण वाढतो. असं पातं मोडून बघा, आत साखरेसारखं दाणेदार दिसेल. ते धार धरत नाही आणि ठोका बसला की तुकडा उडतो.

त्यापेक्षा सगळी पाती एकत्र करू, आमच्याकडच्या एका भट्टीत एकाच वेळी पाणी देऊ आणि सगळ्यांचा कडकपणा रॉकवेल सी या मापावर ५७-५८ ला आणू. म्हणजे पोलाद समान, पाणी समान. राहिला तो आकार, घासणी, धार आणि मूठ. याहून न्याय्य काय असणार?

यंत्र आलं म्हणजे हात गेला असं आपल्या भागाने तरी म्हणू नये. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती लोखंडी नांगरावर. तो नांगर लोकांनी स्वीकारला तो रानात चालला म्हणून, कुठल्या भट्टीत ओतला हे कोणी विचारलं नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

तुमच्या पद्धतीने सुऱ्या चांगल्या होतील यात शंका नाही. पण मग स्पर्धा घासणीची झाली. पाणी देताना जे घडतं तेच तर मला मोजायचं आहे.

पातं लाल होतं, माणूस चुंबक लावून बघतो. ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला सोडतं. नवखा तिथेच बुडवतो. जाणता अजून थोडी ऊब चढू देतो, पातं मागे-पुढे सरकवत टोक निखाऱ्याबाहेर काढतो, मुठीकडचा भाग आत ढकलतो, सगळीकडे रंग एकसारखा आला की मगच कोमट तेलात सरळ उतरवतो. तिरकं गेलं तर पातं वाकतं. बाहेर काढलं की कानस लावून बघायची. कानस घसरली तर पाणी लागलं. पण वरची पातळ कातडी तापताना कार्बन गमावून मऊ झालेली असते, तिथे कानस चावते आणि माणूस घाबरून पुन्हा तापवतो. थोडं घासून खालचं पोलाद तपासायचं असतं. मग साधारण २०० अंशांवर दोन तास, दोनदा, घरच्या ओव्हनमध्ये, म्हणजे ठिसूळपणा उतरतो.

एवढं सगळं भट्टीच्या डब्यावर सोपवलं तर मागे कारागिराचं काय राहिलं? टोक जास्त तापू न देणं हेच तर कौशल्य. ज्याचं चुकेल त्याची सुरी चाचणीत मागे पडेल, आणि पडावी.

ऐरण (तासगाव)

आमचा धंदाच हा आहे म्हणून लिहितो. पाण्याच्या बाबतीत अजिंक्यतारा बरोबर बोलले. पण त्यांच्या बाकीच्या नियमांनी लोहाराला दारातच अडवलंय आणि ते त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

५ मिमीची पट्टी हातात दिली तर घणाला काम काय? सुरीची जाडी आधीच तयार आहे. कापायची, घासायची, झाली सुरी. ही स्पर्धा ग्राइंडरवाल्याची झाली. लोहाराचं काम म्हणजे जाड तुकडा ओढून लांब करणं, टोक खेचणं, पाठ जाड ठेवून धारेकडे पातळ उतरवणं. १० मिमीचा बार द्या. ज्याला ठोकायचंय तो ठोकेल, ज्याला घासायचंय तो घासून अर्धं पोलाद भुकटीत घालवेल. दोघांना वाट मोकळी राहील.

दुसरं, "काम एकट्याचं". दादा, भट्टीवर एकट्याचं काम नसतं. एक जण सांडशीत धरून फिरवतो, दुसरा घण मारतो. घिसाड्यांच्या पालावर जाऊन बघा, घण बाईच्या हातात असतो. नवरा सांडशी फिरवत छोट्या हातोड्याने जागा दाखवतो आणि ती बरोबर तिथेच घाव घालते. त्या बाईला तुम्ही मदतनीस म्हणून बाद करणार? ज्याच्याकडे विजेवर चालणारा पॉवर हॅमर आहे तो तुमच्या नियमात एकटा ठरतो आणि बायकोच्या घणावर काम करणारा माणूस अपात्र ठरतो. हा नियम काढाच. जोडीचं नाव लावा, बक्षीसही जोडीला द्या.

तिसरं, पोलाद. आमच्याकडे ऊसतोडीचे कोयते पाट्यातूनच होतात. ठिणगी बघून, कानस लावून, एक तुकडा तापवून मोडून पाटा पारखणं हे शिकायला वर्षं जातात. सगळ्यांना कोरा बार दिलात की ही पारख शून्य गुणांची झाली.

टूलरूमवाला (कुपवाड)

घणाच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. १० मिमीलाही. पाट्याला मात्र नाही. ट्रकखाली लाखो हेलकावे खाल्लेल्या पाट्यात बारीक चिरा असू शकतात आणि त्या तापवून ठोकल्यावरही बऱ्याचदा दिसत नाहीत. पारख कितीही असो, आतली चीर डोळ्यांना दिसणार नाही. चाचणीत पातं तुटलं तर दोष कारागिराचा की पाट्याचा, हे कोण सांगणार? शिवाय सगळे पाटे एका पोलादाचे नसतात. सिलिकॉन-मँगनीजचा पाटा असतो तसा क्रोम-व्हॅनेडियमचाही असतो.

पलूस_फोर्ज

चाचणी कशी घेणार ते कोणी बोललंच नाही. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षा आयती घ्या. लटकता एक इंची दोर एका वारात तोडायचा, दोन बाय चार इंची लाकडी ठोकळा दोनदा तोडायचा, त्यानंतरही धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून ९० अंश वाकवायचं. तुटलं तर नापास. यात वशिल्याला जागाच नाही.

कोयनाकाठ (पाटण)

विरोध, आणि तीव्र. ती परीक्षा उमेदवार लोहाराची आहे. पातं १० इंचांपर्यंतचं चालतं आणि ते मोडायलाच केलेलं असतं. आपल्याकडे माणूस महिनाभर खपून केलेली सुरी घेऊन येणार, ती वाकवून परत देणार का?

आणि ९० अंश वाकणं म्हणजे सुरी चांगली, हेच मला मान्य नाही. पाठ मऊ ठेवून फक्त धारेला पाणी दिलं की पातं वाकतं, आणि वाकलेलंच राहतं. कोयनेच्या रानात वाकडी सुरी घेऊन मी काय करू? पोलाद कडक असो वा मऊ, वाकवायला सुरुवातीला लागणारा जोर जवळपास सारखाच असतो. तो जाडीवर ठरतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. कडकपणामुळे ठरतं ते एवढंच, की कुठपर्यंत वाकून पातं पुन्हा सरळ होईल. तेव्हा थोडं वाकवा, सोडा, सरळ झालं का बघा.

लटकता दोर एका वारात तोडण्यात मनगटाचा आणि सरावाचा भाग मोठा. त्याऐवजी वजनकाटा घ्या. काट्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर काथ्याचा दोर. सुरी सरळ खाली दाबायची आणि दोर तुटताना काट्याने किती किलो दाखवले ते लिहायचं. मग त्याच सुरीने वाळलेली बाभूळ फोडायची, ठरलेल्या जाडीच्या तेवढ्याच काटक्या, सगळ्यांना सारख्या. पुन्हा काट्यावर दोर. आकडा किती वाढला तेवढी धार गेली. इथे दंडाची ताकद मधे येत नाही.

धारेचा ठिसूळपणा बघायचा तर पितळेच्या सळईवर धार टेकवून दाबत न्या. धार किंचित लवून परत सरळ झाली तर पाणी बरोबर, लवलेलीच राहिली तर मऊ, तुकडा निघाला तर जास्त कडक. एवढ्यात कळतं, सुरीही वाचते.

माणगंगा (आटपाडी)

मी वकिली करते, म्हणून दोन गोष्टी. ५ इंचांची मर्यादा अजिबात सैल करू नका. शस्त्र कायदा १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती आणि शेतीकामाची हत्यारं वगळलेली आहेत, पण स्पर्धेची सुरी त्यात बसते का यावर वाद नको. सण-निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा लहान सुरीही मिरवत आणलेली चालत नाही. तारीख ठरवताना पोलीस ठाण्यात लेखी कळवा, आणि सुरी म्यानात, गुंडाळून, पिशवीत आणायचा नियम करा.

दुसरं, मुठीला सांबरशिंग बंद. रानात गळून पडलेलं सापडलं असलं तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आडवा येतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या काठावर राहून आपण तरी याबाबतीत ढिलाई करू नये. बाभूळ, शिसव, म्हशीचं शिंग यांतही देखणी मूठ होते.

अजिंक्यतारा (सातारा)

मसुदा बदलतोय. बार १० मिमीचा, एकाच लॉटमधला, प्रत्येकाला दोन तुकडे. दुसरा तुकडा पाणी देऊन मोडून बघायला, कारण सरावाशिवाय नव्या पोलादाचा स्वभाव कळत नाही. जोडीने काम चालेल, दोघांची नावं लागतील. चाचणी काट्यावरची आणि पितळेची. ९० अंश नाही. सांबरशिंग नाही.

पाट्याबाबत मी ठाम आहे, तो मुख्य स्पर्धेत नाही. ऐरण म्हणतात ती पारख खरी आहे, म्हणून त्यासाठी वेगळा गट ठेवता येईल, फक्त भंगारातल्या पोलादाचा. पण त्याचे गुण इकडे मिसळायचे नाहीत.

पाणी स्वतःच द्यायचं. टूलरूमवाले, तुमची मदत हवीच आहे. निकाल लागल्यावर प्रत्येक पात्याचा कडकपणा मोजून त्याचा आकडा सुरीवाल्याला द्या. निकालाआधी नको, नाहीतर परीक्षक आकडा बघून गुण देतील.

टूलरूमवाला (कुपवाड)

मोजून देतो, पण विरोध कायम. नवख्याने दोन महिने राबून केलेलं पातं पाण्यात तडकलं की तो परत भट्टीकडे बघत नाही. नवख्यांना तरी एका भट्टीची मुभा ठेवा.

कोयनाकाठ (पाटण)

नवख्यांपुरतं टूलरूमवाल्यांशी सहमत.

ऐरण (तासगाव)

शिक्का झाकून काही होत नाही. आमच्याकडचा माणूस पाठीचा उतार आणि मुठीचा खिळा बघून सांगतो की ही कुठल्या भट्टीची. नाव झाकायचंच असेल तर परीक्षक अदलाबदल करा. साताऱ्याच्या सुऱ्या सांगलीकरांनी तपासाव्यात, सांगलीच्या सातारकरांनी. त्यात एक तरी परीक्षक रोज हत्यार वापरणारा असू द्या, द्राक्षबागेतला किंवा ऊसतोडीतला.

पाट्याचा वेगळा गट मला दुय्यम वाटतो, तरी नसण्यापेक्षा बरा. त्यात आमचं नाव लिहून घ्या, दोघांचं.

आणि हिवाळ्याचं बघा. गळीत हंगामाच्या आगेमागे कोयत्यांच्या कामातून मान वर करायला सवड नसते, आमच्यासारखे सगळे तेव्हाच अडकलेले असतात. बार श्रावणात हातात द्या आणि स्पर्धा दसऱ्याच्या आत उरका. फक्त खंडेनवमी सोडून, त्या दिवशी हत्यारं पूजेला असतात, भट्टी पेटत नाही.