बोक्याला पुन्हा लघवीचा त्रास: घरातली उरलेली अँटिबायोटिक देऊ का?

डोंबिवलीची_नेहा
आमचा बंड्या, चार वर्षांचा, नसबंदी झालेला. कालपासून सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय. थेंब थेंब गुलाबी शू होते, बाकी वेळ चाटत बसतो. मार्चमध्येही असंच झालेलं. तेव्हा डॉक्टरांनी लघवी न तपासताच 'इन्फेक्शन' म्हणून दोन आठवडे पुरणारं इंजेक्शन दिलं आणि हा तीन-चार दिवसांत ठणठणीत. आता गणपतीच्या आधी घरात रंगकाम काढलंय, बाहेर पडायला सवड नाही. बाबांच्या दाढेच्या वेळची ६२५ची (अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, अँटिबायोटिक) अर्धी पट्टी उरली आहे. पाव गोळी दिली तर चालेल का?

मालाडची_मावशी
देऊन टाक गं. आमच्या चिंगीला मी तीच दिली होती, दोन दिवसांत खेळायला लागली.

गोठ्यातली_डॉक्टर
नेहा, आधी हे सांग, थेंब तरी येतोय ना? बोक्याची मूत्रनळी फार अरुंद. पोटाखाली हाताला टणक गोळा लागत असेल, लघवी अजिबात येत नसेल, उलट्या होत असतील, तर रंगारी राहू दे तिथेच आणि आत्ता रिक्षा पकड. लघवी पूर्ण तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तिथे कुठलीच गोळी उपयोगाची नाही.

थेंब येत असेल तरी आजच दाखव. आणि मावशी, रागावू नका, पण चिंगीचं ते कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

मी साताऱ्यात म्हशींपासून सुरुवात केली, आता निम्मी ओपीडी मांजरांची. तरुण मांजराची लघवी अशी बिघडली की बहुतेक वेळा जंतू नसतातच. दहा वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मांजरांत मूत्राशयाला सूज असते आणि कारण सापडत नाही. ताण हा त्यातला मोठा भाग. घरात पाहुणे, नवं मांजर, फर्निचरची हलवाहलव, तुमचं रंगकाम. काहींना खडे असतात. जंतूंचा नंबर फार मागे, कारण धडधाकट मांजराची लघवी इतकी दाट असते की जंतूंना तिथे तग धरणं अवघड जातं. ही सूज बहुतेकदा आठवड्याभरात आपोआप ओसरते, श्रेय मात्र इंजेक्शन घेऊन जातं. मार्चमध्ये तेच झालं असण्याची शक्यता जास्त.

ते लांब पल्ल्याचं इंजेक्शन तर मला पहिल्या फटक्यात द्यायला अजिबात आवडत नाही. तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन गटातलं अँटिबायोटिक आहे ते, राखीव ठेवायचं औषध. एकदा टोचलं की काढून घेता येत नाही, त्याचा अंश दोन महिन्यांपर्यंत अंगात रेंगाळतो. तेवढा वेळ पोटातले जंतूही त्या औषधाला सरावतात, त्याला दाद देईनासे होतात, आणि बोक्याला तर तुम्ही रोज मांडीवर घेता.

डॉक्टरांना सांग, पोटातून सुईने लघवी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहायच्या तपासणीला, पाठवा. ऐकायला भयानक वाटतं, पण मांजर बहुधा हूं की चूं करत नाही. ट्रेमधली लघवी कल्चरला कुचकामी. लघवीत बुडवायच्या तपासणीच्या पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा चौकोनही मांजरांत भरवशाचा नाही. खड्यांसाठी एक्स-रे किंवा सोनोग्राफी. आणि खरंच जंतू निघाले, तर २०१९च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे साध्या संसर्गाला साधं अमॉक्सिसिलिन, तीन ते पाच दिवस. दोन आठवडे नाहीत.

बाबांच्या पट्टीचं म्हणशील तर ती गोळी माणसाच्या वजनाची. पाव तुकडासुद्धा बोक्याला दुपटीहून जास्त. शिवाय तू आज ती दिलीस आणि उद्या कल्चर केलं, तर अहवाल फसवा येणार. दुखतंय म्हणून क्रोसिन तर चुकूनही नको, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. वेदनेचं औषध डॉक्टरच देतील, आणि ते मागून घे, कारण त्याला खरी गरज त्याचीच आहे.

नाशिकचे_अप्पा
आमची भाटी चौदा वर्षांची, किडनी अधू. नेहमीच्या तपासणीत लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू निघाला, तरी डॉक्टर म्हणतात औषध नको. जंतू दिसतायत आणि सोडून द्यायचे?

गोठ्यातली_डॉक्टर
अप्पा, कुंथत नाही, रक्त नाही, खाणंपिणं नीट? मग तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. किडनी अधू असलेल्या म्हाताऱ्या मांजराची लघवी पातळ होते, जंतू मुक्कामाला येतात आणि पुष्कळदा काही न करता राहतात. त्यांना उगाच हुसकलं तर त्यांच्या जागी जास्त चिवट येऊ शकतात. मात्र ताप आला, जेवण सोडलं किंवा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा आकडा) अचानक उसळलं, तर संसर्ग किडनीत गेला असं धरून लगेच उपचार. तेव्हा कोर्सही मोठा, दहा ते चौदा दिवसांचा.

डोंबिवलीची_नेहा
दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. मूत्रनळी मोकळी आहे, सोनोग्राफीत खडा नाही, लघवी घट्ट, तांबड्या पेशी भरपूर. वेदनाशामक दिलंय, अँटिबायोटिक नाही. कल्चरचा अहवाल आज आला, काहीच वाढलं नाही. सासूबाई जिऱ्याचं पाणी पाजा म्हणतायत. बंड्या तर साधं पाणीही पीत नाही, कोरडं खाणंच आवडतं.

गोठ्यातली_डॉक्टर
जिरं सासूबाईंनाच पिऊ दे. मांदेली उकड, मीठ-कांदा-लसूण काही नको, आणि ते पाणी काटे गाळून त्याच्या खाण्यावर ओत. हळूहळू ओल्या खाण्यावर आण. ट्रे किती आहेत घरात?

डोंबिवलीची_नेहा
एकच. वॉशिंग मशीनशेजारी.

गोठ्यातली_डॉक्टर
दुसरा आण आणि रंगारी नसलेल्या खोलीत ठेव. मशीनशेजारचाही हलव, कपडे पिळताना ती थरथरली की बोका तिथे बसायचा नाही.