मदत हवी आहे: कार्बन रिमवर ब्रेक लागतो ती पट्टी झिजलीय, चाक चालवू की काढू?

उतारकरू

मंडळी, नमस्कार.

माझी रिम ब्रेकची रोड बाइक आहे, म्हणजे ब्रेकचे पॅड थेट चाकाच्या कड्यावर (रिमवर) दाबतात. तिला 50 मिमी खोल कार्बन क्लिंचर चाकं (आत वेगळी ट्यूब, टायर रिमच्या हुकात अडकतो ती). तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, कंपनीचे स्टिकर आधीच्या मालकाने खरवडून टाकलेले. (हो, तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.) जवळपास दर रविवारी सिंहगड, पावसाळ्यातसुद्धा. चढताना ब्रेकचा संबंध येत नाही, पण उतरताना पायथ्याच्या गोळेवाडीपर्यंत बोटं लिव्हरवरून हलत नाहीत, आणि पावसात रस्त्यावरचा चिखल टायरबरोबर रिमवर येतोच.

परवा चाक धुताना मागच्या रिमवर नख फिरवलं, तर ब्रेकच्या पट्टीच्या कडेला अडकलं. स्टीलची फूटपट्टी आडवी टेकवून खिडकीकडे धरली तर मधून उजेड दिसतो. म्हणजे पट्टी मधोमध खोलगट झालीय. वॉल्वपासून वीतभर अंतरावर तर वरचा गुळगुळीत थर जाऊन आतलं कार्बनच्या धाग्यांचं विणकाम दिसतंय. पुढचं चाक बरं आहे.

ॲल्युमिनियमच्या रिमला बहुतेक वेळा झिजेची खूण म्हणून बारीक खाच किंवा खळगा असतो. तो मिटला की रिम बदलायची, विषय संपला. ह्या रिमवर तसलं काहीच नाही. एक दुकानदार म्हणाला, "बिनधास्त फिरवा." दुसऱ्याने चाकाकडे न बघताच डिस्क ब्रेकच्या सायकलींच्या किमती सांगायला घेतल्या.

किती झीज चालते? वरून इपॉक्सीचा हात मारून भागेल का?

चाकोरीबाहेर

इपॉक्सीचं डोक्यातून काढा. घासून गेलेले धागे त्याने परत येत नाहीत.

आधी झीज कसली ते ठरवा. रेझिन (कार्बनचे धागे धरून ठेवणारा चिकट राळ) तापून मऊ पडलं असेल तर रिमची भिंत फुगते, आणि ब्रेक दाबल्यावर चाकाच्या दर फेरीला एक धक्का जाणवतो. तसं असेल तर चर्चाच नको, रिम भंगारात. तुमचं वर्णन मात्र घासून झालेल्या झिजेचं वाटतंय. किमान जाडीचा आकडा कंपनीगणिक वेगळा, आणि तुमची कंपनीच माहीत नाही. म्हणून हे करा: हवा काढून व्हर्नियरने रिमची बाहेरची रुंदी आठ-दहा ठिकाणी मोजा, टेपने खुणा करा. मग नेहमीइतकी हवा भरून पुन्हा तिथेच मोजा. हवा भिंतींना बाहेर ढकलते. भिंत धड असेल तर फरक जेमतेम. एखाद्याच जागी जास्त उघडली, तर तिथे भिंत पातळ झाली समजा.

थेट जाडी मोजायला जाल तर व्हर्नियरचा जबडा टायर अडकवायच्या हुकावर बसतो आणि माप फसवं येतं. हुकाखाली स्पोकचा तुकडा धरून मोजा, मग तेवढी जाडी वजा करा.

आणि ब्रेकचे पॅड काढून उलटे करून बघा. हेच पॅड कधी ॲल्युमिनियमच्या चाकांवर वापरले होते का?

पंक्चरवाला

लेटेक्स ट्यूब असेल तर तीही काढा. रिम तापली की घाटात दगा देते.

उतारकरू

ट्यूब साधीच आहे. पॅडचं मात्र बरोबर ओळखलंत! मागच्या डाव्या पॅडमधे दोन चंदेरी कण रुतलेत. गेल्या पावसाळ्यात दोन महिने ॲल्युमिनियमची चाकं लावली होती, पॅड बदलायचा कंटाळा केला. म्हणजे रिमवर कानस फिरवत होतो की मी.

मापं घेतली. पुढे सगळीकडे फरक 0.1 मिमीच्या आत. मागे बहुतेक ठिकाणी 0.2, आणि विणकाम दिसतंय तिथे 0.7.

चाकोरीबाहेर

0.7? आधी हवा सोडा, मग बाकीचं बोलू. ते चाक आता गॅलरीत टांगायचं.

पुढचं चालेल, पण पॅड नवे, कार्बनसाठीचेच. आणि उतारावर ब्रेक धरून ठेवायची सवय मोडा. वळणाआधी जोरात दाबा, सोडा, मधे रिमला वारा लागू द्या.

उतारकरू

हवा सोडली, चाक उतरवलं. बायकोने विचारलं, "ह्याचं आता घड्याळ करणार का?"

हब (चाकाचा मधला तुंबा) ठणठणीत आहे, 24 होलचा, म्हणजे 24 स्पोकचा. त्यावरच ॲल्युमिनियमची रिम बांधून घेतो. खोल रिमचे स्पोक आखूड, त्यामुळे तेही नवे लागतील. अडलंय ते रिमपाशी: दोन दुकानांत विचारलं, दोघांकडेही 32 आणि 36 होलच्याच. कुणाच्या माळ्यावर 24 होलची, रिम ब्रेकची 700सी (रोड बाइकच्या नेहमीच्या मापाची) रिम पडली असेल तर व्यनि करा. पुण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.