एक इंजिन धडधाकट असताना मालवाहू विमान समुद्रात का उतरवावे लागले?

प्रश्न :
२ जुलै २०२१ रोजी रात्री दीडच्या सुमारास अमेरिकेच्या हवाई बेटांवरील होनोलुलूहून काहुलुईकडे निघालेले ट्रान्सएअरचे मालवाहू विमान, उड्डाण ८१०, काही मिनिटांतच समुद्रात उतरवावे लागले. बोइंग ७३७-२०० प्रकारच्या या जुन्या विमानात दोनच वैमानिक होते आणि दोघेही वाचले, याचे समाधान आहे. मात्र बिघाड फक्त उजव्या इंजिनात होता, हे वाचल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही. दोन इंजिनांचे विमान एका इंजिनावरही उडते, असे आपण नेहमी ऐकतो. मग हे का उडू शकले नाही? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
ते उडू शकले असते. पण ज्या इंजिनात ताकद होती, त्याच्याकडून काम घेतलेच गेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासात हेच नोंदवले आहे. धावपट्टी सोडताच धप्प असा आवाज झाला. उजव्या इंजिनातील टर्बाइनची पाती तुटली होती. पुढे सहवैमानिकाने दोन्ही थ्रॉटल (इंजिनांची ताकद कमी-जास्त करणारे दांडे) मागे घेतले. मग त्यानेच डावे इंजिन गेल्याचे सांगितले, ते पडताळून न पाहता मान्य झाले, आणि सगळा भार दुखावलेल्या उजव्या इंजिनावर आला. ते तापू लागले तेव्हा दुसरे इंजिनही हातचे जाणार, असे वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला कळवले. डाव्याचा थ्रॉटल मात्र शेवटपर्यंत जवळजवळ मागेच राहिला.

प्रतिसाद २ :
वरील माहितीत थोडी भर घालतो, कारण ही चूक निव्वळ निष्काळजीपणाची म्हणून सोडून देणे मला अन्यायाचे वाटते. एका बाजूचे इंजिन गेले की विमानाचे नाक त्याच बाजूला ओढले जाते आणि वैमानिकाला विरुद्ध बाजूच्या पायाने रडरचे (शेपटीवरील सुकाणूचे) पेडल दाबून धरावे लागते. ज्या पायावर जोर नाही, त्या बाजूचे इंजिन गेले, ही साधी खूण. दोन्ही थ्रॉटल मागे घेतले की ही ओढ नाहीशी होते आणि अंधारात, रेडिओवर बोलत असताना, केवळ तबकड्यांवर विसंबावे लागते. २०१५ मध्ये तैपेईत ट्रान्सएशियाच्या प्रवासी विमानातही उड्डाणानंतर लगेच चांगलेच इंजिन बंद केले गेले आणि ४३ जणांचा जीव गेला.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. म्हणजे डावा थ्रॉटल एकदा पुढे सारून पाहिला असता तर?

प्रतिसाद १ :
तर इंजिनाने साथ दिली असती. अशा वेळी वाचायच्या तपासयादीत इंजिन ओळखून दुसऱ्या वैमानिकाकडून खात्री करून घेणे अपेक्षित असते. इथे ती यादी पूर्ण झालीच नाही. पाण्यावर आदळून विमानाचे दोन तुकडे झाले. एक वैमानिक शेपटीला धरून होता, त्याला तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने वर घेतले. दुसरा पाण्यावर तरंगणाऱ्या मालाच्या खोक्यांना बिलगून राहिला आणि विमानतळाच्या बचावनौकेने त्याला बाहेर काढले.