संधी तर दाविदालाही मिळाली होती
'संधी समोर आली की देवाची वेळ आली असं समजावं' हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. बायबलमधल्या दाविदाचंच बघा. एन-गेदी या ठिकाणच्या गुहेत तो लपला होता, तेव्हा त्याची माणसं त्याला हेच सांगत होती. त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल एकटाच आत आलेला, आणि पुढचा राजा म्हणून दाविदाचा अभिषेक तर शमुवेल संदेष्ट्याने केव्हाच केलेला! तरी दाविदाने फक्त शौलाच्या झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. घाईच्या निर्णयाआधी मी म्हणूनच एवढं तपासतो, की यात कुणाचा घात तर होत नाही ना.

शौलाला सोडल्यावरही दाविदाची वणवण लगेच संपली नाही, हेही लक्षात घ्या. हेब्रोन शहरात तो राजा झाला तेव्हा ३० वर्षांचा होता, आणि तोही आधी इस्राएलातल्या फक्त यहूदा या एका वंशाचा.