मदत हवी आहे: आत्याच्या आत्मकथनाचे कार्यक्रम, रत्नागिरी आणि चिपळूण

माझी आत्या ३१ वर्षं खाडीपट्ट्यात नर्स होती, तिचं आत्मकथन जूनमध्ये आलं. ५०० प्रती छापल्या, त्यातल्या ३८० घरी पेट्यांत आहेत आणि इथली दमट हवा बघता त्या लवकर वाचकांकडे जायला हव्यात. दिवाळीनंतर दोन कार्यक्रम करायचेत, एक रत्नागिरीच्या नगर वाचनालयात (१८२८ पासूनचं, तिची फार इच्छा आहे) आणि एक चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरात.

आतापर्यंत शाळेच्या मेळाव्यात ६० प्रती गेल्या, बाजारातले दुकानदार विक्रीनंतर पैसे म्हणतात, फेसबुकवर लाईक येतात पण ऑर्डर नाही. भाषण तिला जमत नाही, माईक हातात आला की आवाज बसतो, पण समोर कुणी विचारलं की रात्री होडीतून बाळंतपणाला गेलेली गोष्ट अशी सांगते की माणसं हलत नाहीत. म्हणून मुलाखतच हवी, तीही तासाभराची, गुडघ्यांमुळे जास्त बसवत नाही. बजेट दोन्ही मिळून १५ हजार, प्रकाशक खर्च करणार नाही.

तिथे कार्यक्रम केलेल्यांनी सांगा, हॉलसाठी अर्ज किती आधी द्यावा लागतो, विक्रीचं टेबल लावू देतात का, आणि मुलाखत घेणाऱ्यांना मानधन साधारण किती द्यायचं?