पाढे घोकल्याशिवाय सरासरी कळत नाही का?

परळचा शिकवणीवाला: काल इथे एका पालकांनी लिहिलं की, खिशात कॅल्क्युलेटर असताना पाढे घोकून घेणं म्हणजे मुलांचा छळ. वाचल्यापासून डोकं फिरलंय. परवा माझ्या नववीच्या बॅचमध्ये एका मुलाने 12, 15 आणि 18 ची सरासरी 45 काढली. बेरीज केली, तीनने भागायचं राहिलं. कॅल्क्युलेटरवर दिसलं, उतरवून मोकळा. सगळ्यात मोठी संख्या 18, मग सरासरी 45 कशी, हे त्याला खटकलंच नाही. आकडे तोंडात घोळल्याशिवाय हे खटकणं येत नाही हो!

मुलुंडची आई: काल लिहिणारी मीच. मला 30 पर्यंत पाढे पाठ होते, तरी फसले. पहिल्या नोकरीत मालक म्हणाले, "आमच्याकडे सरासरी पगार 40,000." खोटं नव्हतं. चौघं 15,000 वर आणि मालक स्वतः 1,40,000 घेणारे. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा, विचारला असता तर 15,000 निघाला असता. सूत्र येत होतं, विचारायचं कुणी शिकवलं नव्हतं.

लालबागकर काका: पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, सोडले तिथेच घसरण झाली. 60 रुपये किलोची भाजी दीड पाव घेतली तर साडेबावीस, आमच्या आईला कागद लागत नसे. त्यावर 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'बावीस'सोबत 'वीस दोन' आणलं. वाटोळंच!

मुलुंडची आई: काका, तो विषय नव्हता. पण काढलात तर ऐका. माझी मुलगी 'बावन्न' ऐकून 25 लिहायची. 'बा' आधी कानावर पडतो, म्हणून 2 आधी. रोज रडायची. बालभारतीच्या गणित समितीच्या मंगला नारळीकर बाई हेच तर सांगत होत्या. कानडी, तेलुगूत दशक आधीच म्हणतात.

लालबागकर काका: म्हणून आपण आपली भाषा मोडायची? आम्ही शिकलो ते कसे?

मुलुंडची आई: तुम्ही शिकलात. तुमच्या वर्गातले किती जण गणिताच्या धसक्याने शाळा सोडून गेले, तेही सांगा ना!

लालबागकर काका: माझा धाकटा भाऊच गेला. सातवीत. त्याचा दोष मी पाढ्यांना देणार नाही.

परळचा शिकवणीवाला: बाई, मध्यकाचं मान्य. सोमवारी तुमच्या पगाराचंच उदाहरण फळ्यावर घालतो. पाढ्यांना मात्र सूट नाही, निदान 20 पर्यंत तरी.

मुलुंडची आई: घ्या पाढे. फक्त बावन्न सांगून 25 आलं, तर त्या पोराला ढ म्हणू नका.